कॅसेटच्या सुरुवातीची कोरी जागा

लॉकडाऊन लागला तेव्हा मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन लातूरला माहेरी आले होते. आठ दिवसांसाठी आले आणि वर्षभर राहिले. ऑफिस पुण्याचं, नवरा पुण्यात अडकलेला, आणि मी इथं शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून दिवसभर एकच प्रश्न विचारत बसलेली : हॅलो, माझा आवाज येतोय का?

घरात अप्पा, म्हणजे माझे वडील, एकटेच असायचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. लेकीच्या जन्माच्या आधीची गोष्ट. ती आणि अप्पा पाटीवर लिहून, चित्रं काढून गप्पा मारायचे. एका दुपारी ती मला म्हणाली, "अप्पांचा आवाज कसा होता? करून दाखव ना."

मला काही जमेना. ज्या माणसाच्या आवाजावर आमचं घर चाललं, त्याचा आवाज मला नीट आठवतच नव्हता. फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी तावातावाने माळ्यावर चढले आणि जुना टेपरेकॉर्डर खाली काढला.

अप्पा ऑटोवरच्या जाहिराती बोलायचे. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, नाहीतर नवा दवाखाना, भोंगा लावलेला ऑटो गल्लीत शिरला की आवाज अप्पांचाच. रेकॉर्डिंग याच टेपवर, घरातच व्हायचं. एकच जाहिरात कॅसेटची बाजू भरेपर्यंत वीस-वीस वेळा बोलायचे आणि बटन दाबायचं काम माझं. नव्या कॅसेटी मात्र ते कधी घेत नसत. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटीवर पुन्हा रेकॉर्ड करता येऊ नये म्हणून वरच्या काठाला एक भोक सोडलेलं असतं. अप्पा त्यावर चिकटपट्टी लावायचे आणि गाण्यांवर जाहिरात चढवायचे. मग त्या जाहिरातीवर पुढची.

टेपसोबतच्या डब्यात सहा कॅसेटी निघाल्या. सगळ्यांवर गाण्यांचे कागद, सगळ्यांना चिकटपट्टी. अप्पांनी पाटीवर लिहिलं, "एकीत मी हाय. कोणतीत ते ध्यानात न्हाई."

टेपरेकॉर्डरच्या आतला रबरी पट्टा वितळून गूळ झाला होता. गोलाईच्या बाजारातली दुकानं बंद. मागच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या चाचांना फोन केला, तर त्यांनी जुन्या टेपमधला पट्टा पुडीत बांधून आमच्या फाटकाला लटकवला आणि लांब उभं राहूनच मला शिकवलं. "बेटी, टेप जिस पे घिसती ना, वो हेड सॅनिटायझर से पोंछ. पानी जैसा होता ना, वो. जेलवाला नक्को. और पहले कोरी कॅसेट पे रिकॉर्ड करके देख."

मी पहिली कॅसेट लावली. अर्धा मिनिट नुसती खरखर. म्हटलं, ही कोरी दिसते. रेकॉर्डची दोन्ही बटनं दाबली, "हॅलो, हॅलो" म्हटलं, आणि तेवढ्यात साहेबांची मीटिंग सुरू झाली. टेप तसाच चालू राहिला.

मीटिंग संपल्यावर मी रिवाइंड करून ऐकलं. "हॅलो, माझा आवाज येतोय का?" आवाज छान आला होता. मी खूश. टेप दुरुस्त झाला म्हणून लेकीला आणि अप्पांना हाक मारली, आणि मग एक-एक करत बाकीच्या पाचही कॅसेटी दोन्ही बाजूंनी, पहिलीची मागची बाजूही, लावून पाहिल्या. खरखर, अर्धवट गाणी, बुरशी. अप्पा कुठंच नव्हते.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अप्पा प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मिनिटभर कोरी जागा सोडायचे. ऑटोवाल्याने टेप लावावा, किक मारावी, गल्लीच्या तोंडाशी पोचावं, तोवर भोंगा बोलू नये म्हणून. ते मिनिट मोजायचं कामसुद्धा माझंच होतं. मीच विसरले.

मला रडू फुटलं. अप्पांना सांगितलं, तुमच्यावर मीटिंग चढवली. पहिली कॅसेट त्यांनी स्वतः लावली आणि खुर्ची ओढून बसले. मीटिंग अठ्ठावीस मिनिटांची होती. ती त्यांनी अख्खी ऐकली. मी टेपमधून जितक्यांदा विचारलं, आवाज येतोय का, तितक्यांदा त्यांनी मान हलवली. लेक खदखदा हसत होती. मला हसावं की काय करावं कळेना.

मीटिंग तुटली, आणि मध्येच भरदार आवाज घुसला : "...तरी समस्त माता-भगिनींनी या संधीचा लाभ घ्यावा!" मग खोकला. मग तोच माणूस, पण घरातल्या आवाजात, दमलेला : "झालं बघ, बाई. लई दमलो. दाब आता बटन."

खट्.

एवढंच उरलं होतं. मी आठवीत असेन तेव्हा.

"हे कोण बोललं?" लेकीनं विचारलं. अप्पांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. ती म्हणाली, "पुन्हा लावा."

चार वेळा ऐकून झाल्यावर अप्पांनी कॅसेट बाहेर काढली. काठावरची चिकटपट्टी जुनी, घट्ट बसलेली. नखानं खरवडून खरवडून त्यांनी ती पूर्ण काढली आणि कॅसेट माझ्या हातात दिली.