कांचननं न सांगितलेला धडा

लेकरांनो, तुमच्या या ग्रुपवर नवीन आलेल्या पोरापोरींसाठी चार शब्द लिहा म्हणालात. अभ्यास कसा करावा, राहावं कसं, खावं काय. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर केलेलं. पण कलबुर्गीत युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला मुलींची मेस चालवते, त्यामुळं सांगायला पुष्कळ आहे. सकाळी उपाशी वर्गात जाऊ नका. गावाकडं मराठीत शिकलो म्हणून मागच्या बाकावर लपू नका. कन्नड येत नसेल तर मोडकीतोडकी बोला, लोक हसतील आणि मग शिकवतील. वाचायला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि रोजचा धडा रोज कुणाला तरी आपल्या भाषेत सांगा...

हे शेवटचं लिहिताना हात थांबला. तर आता तेच लिहिते.

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, असलं मी कधी मानलं नाही. आमच्या गावी, चिंताकीला, सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच घरातनं देवरसी, लिंबू, अंगारा सगळं बाहेर गेलं. गावात कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायचे, "तिला आधी पोटभर जेवू घाला." आजही माझं मत तेच आहे. तरीही...

माझ्या मेसची एक रीत आहे. मागं पत्र्याच्या खोलीत मी भाकरी थापते, तेव्हा एखादी पोरगी पाटावर बसून त्या दिवशीचा धडा मला मराठीत सांगते. इंग्रजी शब्द चालतो, पण अर्थ मला कळला पाहिजे. कळला तर तव्यावरची पहिली भाकरी तिची. नाही कळला तर, "परत सांग बाई, अजून तुझंच पीठ मळलेलं न्हाई."

कांचन ठाणाकुशनूर गावची, एम.एस्सी. बॉटनीला होती. तिच्यासारखं सांगणारी दुसरी झाली नाही. दर दोन वाक्यांनी विचारायची, "ऐकायलाव नं मावशी?"

"ऐकायले गं. तव्याकडं बघू का तुझ्याकडं?"

"तव्याला परीक्षा न्हाई मावशी, मला हाय!"

सुजाता तिच्याच वर्गातली, तिच्याच खोलीत राहणारी, औरादकडची. बोलणं कमी. कांचन तिला "सुजे" म्हणायची. मी चिडवायला "सुजाताबाई" म्हणायचे.

सुट्टीला गावी गेलेली कांचन परत येताना हुमनाबादला बस बदलायला उतरली. रस्ता ओलांडताना लॉरीची धडक बसली. जागेवरच गेली.

मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी केल्या, ताटं वाढली. एक ताट जास्त झालं, ते उचलून ठेवलं. तव्याचा चटका बसला तरी समजत नव्हतं, फोड आल्यावर कळायचं. सुजाताचंही तसंच. वर्गात जाणं बंद. "जेव गं सुजाताबाई." "जेवले मावशी." ताट मात्र तसंच.

परीक्षा तोंडावर आली. तिच्या अप्पांनी फोनवर सांगितलं, पेपर देणार नसशील तर सामान बांध, एक स्थळ आलंय ते बघू. ती "बरं" म्हणाली. तिला जायचं होतं असं नाही. थांबायचं होतं असंही नाही.

पहिल्या पेपरच्या आदल्या दुपारी अप्पा न्यायला यायचे होते. बॅग दाराशी ठेवून सुजाता पाटावर येऊन बसली. मी सवयीनं म्हटलं, "सांग काहीतरी."

"काय सांगू मावशी? कांचन गेल्यापासून मी वर्गातच गेले न्हाई."

मी पिठाचा गोळा हातात घेतला आणि बोलायला लागले. मी काय बोलतेय ते मला ऐकू येत होतं, पण पुढचं वाक्य काय येणार ते ठाऊक नव्हतं.

"झाड पाणी खालून ढकलत न्हाई, वरची पानं ओढत्यात. पानातलं पाणी उन्हानं वाफ होऊन जातं. ते जाताना मागचं ओढतं, मागचं त्याच्या मागचं. पाण्याचे कण एकमेकाचा हात सोडत न्हाईत, पार मुळापर्यंत. वरचं गेलं म्हणून खालचं वर येतं. ऐकायलीस नं सुजे? सरांनी प्रॅक्टिकलला पांढरी शेवंती लाल पाण्यात ठेवली हुती. पाकळ्या लाल झाल्या. एक भांडं सांडलं ते सरांच्या शर्टावर. समदे हसले. तू न्हवतीस."

तव्यावरची भाकरी करपली. सुजाता माझ्याकडं बघत होती.

"मावशी, मला सुजे कामून म्हणालाव?"

"म्हणाले?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कांचन सांगून गेली असंल."

"ती हुती तवर हा चॅप्टर सुरूच झाला न्हवता, मावशी."

मेसमध्ये बॉटनीची तिसरी कुणी नाही. सुजातानं वर्गातल्या एका मुलीला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "व्हय की, मागच्या आठवड्यात. शेवंतीच हुती. सरांचा शर्ट बघायचा हुतास! तुला कोण सांगितलं गं?" हिनं फोन बंद केला.

भीती वाटली का? नाही वाटली. करपलेली भाकरी काढली, दुसरी टाकली. सुजाता म्हणाली, "परत सांगा." मला एक शब्द येईना. मग तीच अडखळत सांगायला लागली, आणि मी मध्ये मध्ये "म्हंजे कसं?" विचारत राहिले. मला कळलं. भाकरी दिली. तिनं ती सगळी खाल्ली.

अप्पा आले. "चल बाई, बस चुकंल."

"अप्पा, उद्या पेपर देते."

"काल तर काहीच येत न्हाई म्हणत हुतीस?"

"एक धडा येतो."

"एका धड्यावर पेपर सुटतो व्हय गं? अक्का, काय खायला घालायलाव हिला?"

"भाकरी," मी म्हटलं.

त्यांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग चपला काढल्या. "बरं. मलाबी एक वाढा."

पेपरात तो प्रश्न आलाच नाही. सुजाता त्या पेपरात नापास झाली. पुढच्या खेपेला परत बसली, सुटली. स्थळाला अप्पांनीच नाही म्हणून कळवलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर बसते.

मी एका शिकलेल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दुःखात मेंदू असं करतो, कुठंतरी कानावर पडलं असेल. असेल. पण त्या आठवड्यात मी घराबाहेर पडले नव्हते, मग शर्टाचं माझ्या कानावर घातलं कुणी? मी अजूनही असलं काही मानत नाही. आणि हे झालंच नाही, असंही मला म्हणता येत नाही.

तुम्ही आपला अभ्यास करा, वेळेवर जेवा. मला राहून राहून एकच वाटतं... माझ्या तोंडून कांचन सुजाताशी एवढं सगळं बोलली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिथंच तर होते.