एका तिळासाठी अमरावती ते हिवरखेड

चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते. आमच्या पुण्याच्या घरात बाबांच्या आईचा हाताने रंगवलेला जुना फोटो आहे. बाबा दोन वर्षांचे असताना ती गेली. तिचा चेहरा त्यांना ठाऊक आहे तो या एका फोटोतून. रोज सकाळी अंघोळ झाली की ते त्याला हार घालतात. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि काचेच्या आत बुरशीचे काळे ठिपके उमटले. मी हौसेने मोबाइलवर त्याचा फोटो काढला, अ‍ॅपमध्ये सगळे डाग पुसले आणि लखलखीत प्रिंट बाबांसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तीळ कुठे गेला?"

त्यांच्या आईच्या डाव्या गालावरचा तीळ मी बुरशी समजून पुसला होता. मूळ फोटोतही आता ठिपके इतके झाले होते की त्यातला तीळ कोणता ते बाबांनाही ओळखू येईना. ते ओरडले असते तर परवडलं असतं, पण दोन दिवस घुम्यासारखे बसून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसरी प्रत कुणाकडे तरी असेल. वऱ्हाडात जाऊन येऊ."

बाबांचं वय बहात्तर. माझी दहा दिवसांची रजा शिल्लक होती. डिसेंबरात निघालो.

पुण्याहून रात्रभर गाडीत झोपून सकाळी अमरावतीला उतरलो. राजकमल चौकाजवळ साधा, स्वच्छ लॉज मिळाला. सामान टाकून आधी गिला वडा खाल्ला. मऊ वडा, वर दही, वर चटणी. पुण्यात कुणाला सांगून पटत नाही, म्हणून सांगायचं सोडून दिलंय. मग काळीपिवळीने नांदगाव खंडेश्वरच्या पुढे बाबांच्या गावी गेलो. दोन्ही बाजूंना तूर पिवळी धमक फुललेली, मध्ये कपाशीची वेचणी चाललेली. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते.

गावात बाबांचे चुलतभाऊ पंजाबकाका असतात. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून घरातले होते नव्हते तेवढे फोटो सतरंजीवर ओतले. मुंजी, लग्नं, बैलजोड्या, एक ट्रॅक्टर. बाबांच्या आईचा एकही नाही.

"त्या वक्ती बायांचे फोटो कोण काढे, दादा?" काका म्हणाले. "मावशीले इचार. तिच्यापाशी असन तं असन."

तरी मी तिथे चाळीसेक फोटो टिपून घेतले. तुम्ही असं काही करणार असाल तर दाराजवळच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर फोटो ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका. काचेला चिकटलेला फोटो ओढायला जाऊ नका, काचेसकटच टिपा. आणि मागे नावं लिहायची ती शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. काकांनी प्रत्येक नाव सांगितलं, फक्त एका म्हाताऱ्यावर अडले. "हा कोण व्हय, देव जाने. पण जेवाले हमेशा राहे."

दुसऱ्या दिवशी एसटीने अकोला. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, बाबांना ज्येष्ठ म्हणून अर्धं, दोघं मिळून एक माणूस झालो. रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही. फोटोच्या मागे अकोल्याच्या स्टुडिओचा शिक्का होता, तो पत्ता विचारत विचारत आम्ही एका मोबाइल कव्हरच्या दुकानापाशी पोचलो.

"स्टुडिओ? जमाना झाला बंद होऊन, काका," दुकानदार म्हणाला. "काचा, निगेटिव्हा, सब भंगारात गेलं. कव्हर दाखवू काय?"

बाबांनी खरोखर कव्हर घेतलं. वाईट वाटलं की ते काहीतरी विकत घेतात.

राहिली मावशी. बाबांची ही सख्खी मावशी, कौसल्या, मी तिला मावशीआजी म्हणते. वय शहाऐंशी, मुक्काम हिवरखेड. बाबा तिच्यावर जीव टाकतात आणि रुसलेलेही असतात, कारण इतक्या वर्षांत ती आमच्या घरी एकदाही आली नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही. आम्ही गेलो की मात्र सोडत नाही. "मावशी अगदी आईसारखी दिसते," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

अकोल्याहून अकोट, तिथून हिवरखेड. गाड्या भरपूर आहेत, फक्त सकाळी निघा. अकोट सोडलं की उजवीकडे सातपुडा दिसायला लागतो आणि हवा गार होते. मावशीआजी दारातच बसली होती.

"किती वाळला रे बापू! पुण्यात खायाले भेटत नाई काय?"

पाटोडीचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी पोटात गेल्यावरच तिने ट्रंक उघडू दिली. तळाशी, लुगड्याच्या घडीत, पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो होता. आमचाच! तीच बसायची ढब, तीच नथ, तोच शालू. रंग दिलेला नाही, पण डाग एकही नाही. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी फोटो दाराच्या उजेडात नेला.

"मावशी, यात तीळ नाही."

ती पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "तीळ नाई, कारन थे तुही माय नोहे. थो फोटो माहा हाय."

बाबा ट्रंकेच्या काठावर बसले.

तिने सांगितलं ते असं. बाबांच्या आईचा, द्वारकाचा, फोटो कधी निघालाच नव्हता. ती गेल्यावर वर्षभराने पोराने एकच धोशा लावला, आई दाखवा. बाबांच्या वडिलांनी मग सतरा वर्षांच्या मेव्हणीला बहिणीचा शालू नेसवून, तिची नथ घालून अकोल्याला स्टुडिओत बसवलं. "पेंटर रंग भरून राहिला होता, तं म्या त्याले सांगतलं, माह्या बहिनीच्या गालावर तीळ होता, थो काढ. काढला त्यानं. ही बिनरंगाची प्रत उरली, थे म्या ठुली."

"सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगू? तू लहानपनी त्या फोटोशी बोलत जाय, बापू. शाळेतून आला का पयले त्याले सांगे."

मला रडू येत होतं आणि बाबांकडे बघायचा धीर होत नव्हता. मग मावशीआजीच उसळली.

"अन् तू हार घालून राहिला! रोज! म्या जित्ती असून सत्तर वर्सं मले हार! मंग तुह्या घरी मी कायले येऊ? आपल्याच फोटोले हार घातलेला पाहाले?"

बाबा आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. मावशीआजीने त्यांचं डोकं मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "हार काढ. मंग येतो मी."

तिळाचं विचारायचं या सगळ्यात राहूनच गेलं. आठवलं ते परतीच्या गाडीत, तेव्हा फोनवर काय विचारणार!

घरी आल्याआल्या बाबांनी हार काढला. बुरशीचा फोटो तसाच ठेवला आणि शेजारी मावशीआजीचा नवा फोटो लावला, बोळक्या तोंडाने हसणारा, खाली तिच्या नावासकट. मी मात्र धास्तावले होते, की बाबांची आई आता पुरती गेली. माझ्या एका अ‍ॅपपायी. पण ते रोज अंघोळ झाली की उभे राहतातच. फक्त आता जरा जास्त वेळ बघतात.

फेब्रुवारीत मावशीआजी खरंच आली, मुलाबरोबर, दोन किलो तुरीची डाळ घेऊन. चप्पल काढून थेट फोटोपाशी गेली.

"यात तीळ कोणता, तेच कळत नाही मावशी," बाबा म्हणाले.

तिने ठिपक्यांकडे पाहिलंच नाही. बाबांचं बोट धरलं आणि स्वतःच्या गालावर ठेवलं, ओठापासून जरा वर, डाव्या बाजूला.

"इथं होता."

बाबांनी बोट काढलं नाही. मोबाइल माझ्या हातातच होता, पण फोटो काढायचं काही मला सुचलं नाही.