ज्याचा फोन आधी

बदलीबाईंना बसलेलं कुणी कधी पाहिलं नाही. फोनवर बोलतानाही त्या उभ्याच असायच्या, भार या पायावरून त्या पायावर टाकत, मोकळ्या हातानं फोनची वायर बोटाला गुंडाळत. त्या वायरला इतके पीळ पडले होते की रिसीव्हर हातातून सुटला तर भोवऱ्यासारखा गरगरायचा. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "सगळी बंद घड्याळं माझ्याकडे येतात आणि न थांबणारं एक घरातच आहे."

गावाचं शिक्षण मंडळ तसं चिमुकलं. चार शाळा, एक कचेरी, कचेरीत एक साहेब, आणि त्यांच्या डोक्यावर लोकांनी निवडून दिलेले मंडळाचे सभासद. कुणी बेकरीवाला, कुणी निवृत्त पोस्टमास्तर. अध्यक्ष होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. अख्ख्या गावाला त्यांनी कधी ना कधी आ करायला लावलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे आपण होऊन तोंड उघडायला भलेभले कचरत.

या सगळ्या गाड्यात बाईंचं काम एकच. कुठल्या शाळेत आज कोण शिक्षक येणार नाही हे सकाळी समजून घ्यायचं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस धाडायचा. म्हणून नाव पडलं बदलीबाई. ऐन प्रयोगाच्या दिवशी नट आजारी पडला की नाटक कंपनीच्या मॅनेजरची जी तारांबळ उडते, ती बाईंच्या स्वयंपाकघरात रोज उडायची. पण मॅनेजरला निदान खेळ रद्द करता येतो. शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही.

बदलीवर जाणारी मंडळी मूठभर, आणि एकेक नमुना. त्यातलं अस्सल नाणं म्हणजे गणिती आजोबा. नोकरीतून मोकळे होऊन बरीच वर्षं झालेली, पण कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक असे शिकवायचे की पोरं मधल्या सुट्टीतही घड्या घालत बसायची. मग एक गाणाऱ्या ताई होत्या, त्या भूगोलसुद्धा चालीवर शिकवायच्या. आणि अगदी शेवटी उरायचे ते पेपरवाले. हे गृहस्थ वर्गात शिरत, "शांत बसा" एवढा धडा देत आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडत. माणूस वाईट नव्हता. कधी आजारी पडला नाही, कधी नाही म्हणाला नाही. वर्गात नुसता देहानं हजर असायचा, एवढंच.

कुणाला कोण मिळणार याचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता. ज्याचा फोन आधी, त्याची निवड आधी. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक यात पटाईत. तोंडात दंतमंजन असतानाच ते फोन फिरवायचे, आणि त्यांच्या फेसाळ बोलण्यातून बाई बरोबर ओळखायच्या की आजोबा हवेत. त्यांच्या शाळेतले पालक वकील, व्यापारी. वर्गात मास्तर नाही म्हटलं की तासाभरात कचेरीचं दार ठोठावणारे.

टेकडीवरच्या शाळेचा फोन मात्र सगळ्यात शेवटी यायचा. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणजे बाईंच्या सख्ख्या नणंद. मान ताठ, बोलणं कमी, आणि कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर यायचं. शिक्षक आला नाही की त्या आधी दोन वर्गांमधलं दार उघडायच्या आणि उंबरठ्यावर उभं राहून दोन्हीकडे शिकवायच्या. तेही जमेना झालं की मग फोन. "वहिनी, कुणी असेल तर बघ. नसेल तर राहू दे." तोवर पेपरवाले तेवढे उरलेले असत.

कधीमधी नणंदेचा फोन लवकर यायचा, आणि अशा वेळी बाईंची खरी पंचाईत व्हायची. आजोबा मोकळे असत, पण बाईंचा हात अडायचा. लोक म्हणणार, घरच्या माणसाला ताटातलं उचलून वाढते. बाई आजोबांना थोडा वेळ राखून ठेवायच्या, मोठ्या शाळेचा फोन येईपर्यंत, आणि तिकडे देऊन टाकायच्या. वर नणंदेला सांगायच्या, "वन्सं, आज कुणीच नाही हो." मग दिवसभर त्यांना घर खायला उठायचं. पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या.

त्या वर्षी टेकडीवरच्या शाळेच्या गणिताच्या सरांची पाठ धरली, मग शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षाचा बराचसा भाग त्यांचा सातवीचा वर्ग बदलीवरच चालला. वार्षिक परीक्षेआधीच्या मंडळाच्या चाचणीत शाळा चारांत शेवटची आली, आणि नुसती शेवटची नाही, तोंड लपवावं अशी. साहेबांनी बेत मांडला. शाळा बंद करायची, मुलं गाडीनं खाली मोठ्या शाळेत आणायची. गळक्या छपराच्या दुरुस्तीचा खर्चही वाचेल. मंडळाची सभा ठरली आणि गावभर कुजबुज सुरू झाली.

सभेच्या आदल्या दिवशी गंमत अशी झाली की गावात खोकल्याची साथ होती आणि बदलीवर धाडायला कुणी म्हणजे कुणीच शिल्लक नव्हतं. पेपरवालेसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा अंथरुणात. शेवटी बाईंनी स्वतःच पायात चपला सरकवल्या आणि टेकडी चढल्या.

नणंदेनं त्यांना दारात पाहिलं, भुवई उंचावली. म्हणाली, "कचेरी रिकामी झाली वाटतं," आणि सातवीचा वर्ग दाखवला.

बाईंना गणितातलं फार येत होतं असं नाही. त्यांनी फळ्यावर अपूर्णांकांचा एक साधा भागाकार मांडला आणि कुणाला येतो विचारलं. एकही हात वर आला नाही. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली आणि अगदी अदबीनं, समजूत काढावी तशी म्हणाली, "बाई, हे आमचं राहिलंय. पेपरवाले सर म्हणाले, पुढचे सर शिकवतील. पुढचे सर म्हणाले, मागच्यांनी शिकवलंच असेल."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण आम्हाला शांत बसता येतं, बाई." वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता फळ्याकडे वळल्या. मागचे कोण आणि पुढचे कोण, ते सगळे त्यांनीच धाडलेले होते. स्वयंपाकघरात उभ्यानं, वायर बोटाला गुंडाळत. त्या दिवशी त्यांनी पुस्तकात बघत बघत, चुकत, पुसत, तो भागाकार पोरांबरोबर स्वतःही शिकून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंग डोळ्याला लावून बसला होता, ते त्यानं काढलंच नाही. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला बायको. एवढंच म्हणाला की सभेत बोललीस तर ताई चिडेल, आणि नाही बोललीस तर तू मला आयुष्यभर झोपू द्यायची नाहीस.

सभा मोठ्या शाळेच्या वाचनालयात भरली. तिथे खुर्च्या पहिलीच्या मुलांच्या, त्यामुळे सगळे सभासद गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. बेकरीवाल्यांची खुर्ची तर त्यांच्याखाली दिसतच नव्हती. बाईंचं काम सभेत काय ठरलं ते लिहून घेण्याचं. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. त्या दिवशीही त्या कपाटाला टेकून उभ्यानंच लिहीत होत्या.

साहेब बोलले, आणि चांगलं बोलले. माणूस कळकळीचा होता. मुलांच्या भल्याचंच सांगत होता. त्यांनी निकाल वाचले, छपराचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की त्या शाळेत शिकवण्याची उमेदच उरलेली नाही. बाईंनी समोर पाहिलं. नणंद भिंतीशी सरळ बसली होती, मांडीवर हात, चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. विचारलं असतं तरी ती शब्द बोलली नसती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मत घ्यायची तयारी केली.

बाईंची लेखणी थांबली.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले की बाई, तुम्ही लिहा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. माझ्यासमोर आपण होऊन कुणीतरी तोंड उघडतंय. बोला."

"उमेदीचं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण नाटकात कापतो तसा नाही, थंडीत कापतो तसा. "त्या सातवीला वर्षभर मास्तर मी पाठवले. चांगले असायचे तेव्हाही मी उरलेले पाठवले. का, तर तिथे माझी नणंद आहे. लोक मला नावं ठेवतील म्हणून. माझं नाव राहिलं, पोरांचा भागाकार राहिला. हा निकाल त्या शाळेचा लावू नका. माझा लावा."

वाचनालयात खुर्च्या करकरल्या. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक छताकडे पाहू लागले. बेकरीवाले म्हणाले की मग मोठ्या शाळेचा निकाल थोडा आजोबांचाच म्हणायचा. बरीच भवति न भवति झाली. शेवटी ठरलं ते असं: एक वर्ष थांबायचं. पहिली निवड आळीपाळीनं, आणि सुरुवात टेकडीपासून. बाईंना साहेबांकडून समज. ते सगळं बाईंनी स्वतःच्याच हातानं लिहून घेतलं.

बाहेर पडल्यावर नणंदेनं त्यांना दिव्याच्या खांबापाशी गाठलं.

"तुला कुणी सांगितलं होतं गं? आता गाव म्हणणार, वहिनीच्या मेहेरबानीवर शाळा टिकली."

"म्हणू दे."

"तुझं काय जातंय म्हणायला."

"वन्सं, तुम्ही एकदा तरी भांडला असतात माझ्याशी."

नणंदेनं टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, खरंच कुणी नसेल." आणि टेकडीच्या वाटेला लागली. हे ऐकणं बाईंना सगळ्या ताशेऱ्यांपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फोन वाजला. आवाज नणंदेचा. जिभेवर गुळाचा खडा वगैरे काही नाही, तोच कोरडा सूर.

"वहिनी, आजोबा हवेत. आज, आणि उद्याही."

"पाठवते."

"नसतील तर..."

"आहेत, वन्सं."

रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच फोन पुन्हा खणखणला. दंतमंजनातून मुख्याध्यापक बोलत होते. त्यांच्या सातवीचे सर खोकल्यानं आडवे. आजोबा? बाईंनी सांगितलं, आजोबा टेकडीवर गेले. मग गाणाऱ्या ताई? त्याही आजारी. पलीकडे चूळ भरल्याचा आवाज आला आणि मग स्वच्छ शब्द आले, "मग माझ्या पोरांनी काय करायचं?"

नवऱ्यानं चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, झालं ना मनासारखं, आता तरी बस. बाईंनी मान हलवली. वायर बोटाला गुंडाळली, भार या पायावरून त्या पायावर टाकला. खालच्या सातवीतही पहिल्या बाकावर कुणीतरी असणार, अदबीनं बोलणारं. पेपरवाल्यांचा ताप उतरला होता. बाईंनी त्यांचा नंबर फिरवला, आणि ते फोनवर आल्या आल्या म्हणाल्या, "आज पेपर घरी ठेवा. एक भागाकार आहे, मी सांगते तो लिहून घ्या. मलाही परवाच आलाय."