ताई, हसा की

आमच्या धाकट्याला कॅमेरेवाल्यांत सगळे भोंगा म्हणतात. नट्या जिममधून निघाल्या, की खाली मान घालून गाडी गाठायला बघतात. त्यांना थांबवायचं काम ह्याच्या गळ्याचं. नाव घेऊन ओरडलं तर कुणी ढुंकून बघत नाही. हा घरच्यासारखी हाक मारतो, "ताई, हसा की!" मान वळते, हसू येतं, सगळ्यांचे फोटो होतात. पठ्ठ्याला त्याचा केवढा तोरा! सख्ख्या बहिणीला कधी इतकी गोड हाक मारली नाही मेल्यानं.

मागे एका नटीचे वडील गेले. ही सगळी मंडळी स्मशानाच्या फाटकाशी हजर. गेलेल्या माणसाचं सोयरसुतक कुणाला! ती बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि ह्याच्या तोंडून सवयीनं गेलंच, "ताई, हसा की!"

आणि ती हसली. तिचीही सवयच ती. लगेच हातानं तोंड झाकलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ह्यानं आपला फोटो पुसला. बाकीच्यांनी कशाला पुसावा? संध्याकाळी घरोघरच्या फोनवर त्याच हसण्याचा व्हिडिओ. ह्याची हाक कापलेली, वर गाणं चढवलेलं. बाप गेला आणि ही दात काढतेय, म्हणून लोक तिला नाही नाही ते बोलत होते.

जेवताना आईही म्हणाली, "काय निलाजरी बाई!"

ह्याचा घास हातातच राहिला. "आई, मीच म्हटलं तिला, हसा."

आईनं फोन पालथा ठेवला. तिचा तो व्हिडिओ मावशीला धाडूनही झाला होता.

"मग सांग ना लोकांना," मी म्हटलं.

"सांगितलं तर उद्या मला गेटवर कोण उभं करील?"

"मग बस शेण खाऊन!" मी ताट उचलून आत गेले. मला त्याची लाज वाटत होती, आणि त्याला माझ्याहून जास्त.

पंधरवड्यानं ती जिमला आली. माफी मागायचीच, असं ठरवून हा पुढं उभा राहिला. सगळे ओरडत होते, हा गप्प. ती चालता चालता ह्याच्यासमोर थांबली आणि हळूच म्हणाली, "दादा, आज हसू की नको?"

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं गं," घरी येऊन मला म्हणाला. "ती खरंच विचारत होती."

ती उत्तरासाठी थांबली होती, आणि आमच्या भोंग्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.