दौलतरावांचा शेव घातलेला मासा

संस्थान गेलं, मध्यप्रदेश आला, तरी इंदुरात दौलतरावांच्या घरी मासे-मटण पुरुषच रांधत. रत्नागिरीहून आलेली नवी सून कुमुद आठ दिवस नुसतं ताट चिवडत होती. तिनं पोटभर जेवावं म्हणून बुधवारी कचेरीतून येताना त्यांनी रोहू आणला. अंगणातल्या शेगडीवर गूळ-चिंचेचा लेप देत चकचकीत भाजला. वर कांदा, कैरी, कोथिंबीर पेरली. आणि हात सवयीनं शेवेच्या डब्यात गेला.

त्यांच्या पत्नीनं, प्रेमलताबाईंनी, कपाळावर हात मारला. "अहो, पोरीला मासा खिलवताय का नमकीन?"

दौलतराव गोरेमोरे झाले.

कुमुदनं शेव हळूच बाजूला सारली. ताटात काटे नि शेव तेवढी उरली. "मामंजी, पुढच्या वेळी शेव नको हं."

दौलतरावांनी त्यातलं फक्त 'पुढच्या वेळी' ऐकलं.