बेलभंडार आणि बाळगोळी

गिरणीच्या चाळीत भर दुपारी एकही तान्हं मूल रडत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सकाळच्या भोंग्याला कामावर जाताना आया पोरांना अफूची बाळगोळी चाटवून जात. दुसरं काय करतील? गिरणीत मूल नेऊ देत नसत, आणि घरी बघायला कुणी नसे. अफू मात्र सरकारी परवान्याच्या दुकानात राजरोस मिळे. ते दुकान आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

सोलापुरातल्या आम्ही सात-आठ जणींनी अफूविरुद्ध मंडळ काढलं होतं. चाळीतल्या कामाची पुढारी मी. व्याख्यानं झाली, चित्रांचे तक्ते झाले. बाया "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि सकाळी गोळी चाटवायच्या. मग मला एक नामी युक्ती सुचली. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे सहसा कुणी मोडत नाही. सुट्टीच्या दिवशी चाळीच्या चौकात ताट मांडलं, त्यात बेलाची पानं आणि खंडोबाचा भंडारा ठेवला, आणि एकेका आईला तो उचलायला लावून वदवून घेतलं, की लेकराला माझ्या हातानं अफू देणार नाही. वर धाक घातला की शपथ मोडली तर लेकराचं वाईट होईल. अध्यक्षीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मीही फुशारले.

चौथ्या दिवशी चाळीतून निरोप आला. "बाई, चला की लौकर. लेकराचं लई वंगाळ हाय."

सांगोल्याकडून दुष्काळात आलेली, सूतखात्यात काम करणारी एक बाई होती. तिचं सात महिन्यांचं पोर. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, हगवण लागली होती, पोटात दूध ठरत नव्हतं. दोघांना टांग्यात घालून मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि माझ्यावरच भडकले. "इतके महिने पोटात गेलेली अफू अशी एकदम तोडतात? आज अर्धी गोळी द्या, मग रोज थोडी कमी करत आणा. नाहीतर मूल हाती लागणार नाही."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. आणि निघाले होते व्याख्यानं द्यायला!

चाळीत तिच्या खोलीवर परत आल्यावर मी गोळी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. तिनं हात मागे घेतला.

"न्हाय बाई. म्या भंडारा उचललाय."

"अगं, औषध म्हणून द्यायची आहे."

"तुमीच म्हनला न्हवं, मोडली तर लेकराचं वाईट हुईल?" ती रडत होती. मग एकाएकी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमी कुटं उचललाय? तुमी द्या की."

खरंच होतं. त्या ताटाकडे आमच्यापैकी एकीचाही हात गेला नव्हता. मी गोळी दुधात कालवली आणि माझ्या बोटानं पोराला चाटवली. पुढं रोज सकाळी जात राहिले, रोज थोडी कमी.

मंडळात बोभाटा झाला. अफू सोडवणारी बाईच अफू पाजते म्हणे! मी म्हटलं, शपथा पुरे झाल्या, आता गिरणीकडे पाळणाघर मागू. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तो आपला विषय नव्हे."

"मग आपला विषय कोणता? भंडारा?" असं विचारून मी उठले, ती परत गेले नाही.

पोर जगलं. गोळी पुरती सुटली त्या संध्याकाळी, कामावरून येऊन तिनं त्याला कडेवर घेतलं. मला वाटलं, आता पाया पडेल. तिनं कोनाड्यातल्या देवापुढचा बेलभंडार ताटात घालून माझ्यापुढे धरला.

"आमी उचलला, बाई. आता तुमी उचला. उद्या दुपारी ह्याला कोन बघनार, ते म्हना."

मी भंडारा उचलला. आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी चाळीत हजर झाले, तेव्हा तिच्या दारात आणखी चार जणी पोरं घेऊन उभ्या होत्या.