चाऊसच्या कानातला कापूस

यूसुफ चाऊस चढाईला निघण्याआधी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबायचा. समोरच्या संघाला वाटायचं, याचा कान फुटलाय. खरं कारण आम्हा उस्मानपुऱ्याच्या कबड्डी संघालाच ठाऊक होतं. मैदानाच्या एका बाजूला त्याचे मामा बसायचे, दुसऱ्या बाजूला चच्चा, म्हणजे वडिलांचे भाऊ.

वडिलांचे आजोबा निजामाच्या फौजेतले अरब. आई खुलताबादकडच्या शेतकरी घरातली. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं उलटली होती, तरी यूसुफ नेमका कोणाचा, हा खटला दोन्ही घरांत चालूच होता. तो जिंकला की मामा म्हणायचे, रग आमच्या मातीची. चच्चा म्हणायचे, खून अरबी है. हरला की दोघंही त्याला एकमेकांच्या पदरात टाकून मोकळे व्हायचे. यूसुफ म्हणायचा, "जिंकलो की दोघांचा, हरलो की एकट्याचा. लई सोयीचा माणूस हाय मी."

एकदा ऐन चढाईत मामा ओरडले, मागं ये. चच्चा ओरडले, आगे बढ. दोघांचाही मान राखायला गेला आणि जागीच गोल फिरला. हसू फुटलं, दम तुटला, गडी बाद. सामनाही गेला. दुसऱ्या दिवसापासून कापूस आला.

जिल्हा संघाच्या निवडीचा सामना चिकलठाण्याला होता. यूसुफ तिशीकडे झुकलेला. ही शेवटचीच संधी. शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. तिघांनी त्याचे पाय धरले. तो सुळकन निसटला आणि मध्यरेषेला हात लावला. तीन गडी बाद, आम्ही जिंकलो. शिट्टी मात्र त्याला ऐकूच गेली नाही. तो तसाच वळून 'कबड्डी कबड्डी' करत पुन्हा आत घुसला. पाणी पिणाऱ्या दोघांना शिवला, त्यांच्या प्रशिक्षकांना शिवला. मी धावत जाऊन बोळे उपसले तेव्हा कुठे थांबला.

तोवर मामा आणि चच्चा भांडायला लागले होते, ही निसटण्याची कला कोणाकडची? यूसुफची आई, चंद्रभागाबाई, त्या दिवशी पहिल्यांदाच सामना बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोणावरच नाय गेला. ल्हानपणी आंघोळीला धरला की असाच निसटायचा. आठ वर्षं रोज पकडलाय मी त्याला."



यूसुफ जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सामन्यानंतर निवडीचा अर्ज त्यानं माझ्या शेजारी बसून भरला होता. 'प्रशिक्षकाचे नाव' या रकान्यापाशी तो जरा थांबला. मग ठळक अक्षरात लिहिलं: चंद्रभागाबाई चाऊस.